संसारातच भेटलेला प्रभू
रेव्ह. नारायण वामन टिळक यांची जीवनप्रार्थना

घरभेटीला गेलो की एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. फादर, आम्ही रविवारी मिस्साला येतो, रात्री कुटुंबासह जपमाळ म्हणतो. परंतु ध्यान-मनन आम्हां संसारी माणसांना कसे जमावे? पहाटे गोठ्यातील धारा, मग मुलांचे डबे, कारखान्यातील पाळी, घरातील आजारी माणसाची शुश्रूषा, या साऱ्यातून प्रभूपाशी निवांत बसायला सवड कोठून काढावी? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यामागे एक खंतही आहे. देवाचे प्रेम मठात आणि आश्रमात राहणाऱ्यांना अनुभवता येते, आपल्या वाट्याला केवळ त्याची आज्ञा येते, असे पुष्कळांना वाटते.

या प्रश्नाला उत्तर देताना आपण बहुधा अविलाच्या संत तेरेजाकडे किंवा पॅरिसच्या मठातील स्वयंपाकघरात राबणाऱ्या ब्रदर लॉरेन्सकडे बोट दाखवतो. ती थोर माणसे खरीच. पण ती मठवासी होती. आज आपण आपल्याच मातीतील, मराठीत प्रार्थना करणाऱ्या एका गृहस्थाचे स्मरण करू या. त्यांना पत्नी होती, मुले होती, डोक्यावर कर्ज असे आणि स्वभावात संतापही होता. ते म्हणजे रेव्ह. नारायण वामन टिळक. ते कॅथोलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतील होते. परंतु आपल्यापासून वेगळ्या झालेल्या बंधूंमध्येही पवित्र आत्मा कार्य करतो व त्यांच्या जीवनातील सद्गुणांचा आपण आदरपूर्वक स्वीकार करावा, ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण आहे. शिवाय आपल्या धर्मप्रांताशी टिळकांचे जन्माचे नाते आहे. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे त्यांचा जन्म झाला.

चित्पावन ब्राह्मण कुळातील या मुलाला भक्ती आणि काव्य यांची गोडी आईकडून लाभली. दुर्दैवाने लहानपणीच आईचे छत्र हरपले. त्यानंतर हा मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि तेथे त्याने संस्कृतचे अध्ययन केले. पुढील आयुष्य एका जागी स्थिरावले नाही. कधी शिक्षकी, कधी कीर्तन, कधी छापखान्यातील काम, कधी ग्रंथांचे भाषांतर, अशी अनेक कामे त्यांनी केली. ते गावोगाव फिरले, पण मनाची तहान शमली नाही. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका वयाच्या अकराव्या वर्षी त्यांची पत्नी झाली. सासरी ती लक्ष्मी झाली. ती शाळेत गेलेली नव्हती. पुढे टिळकांनीच तिला लिहा-वाचायला शिकवले.

टिळकांना जातिभेद मान्य नव्हता. देशाचा उद्धार व्हायचा तर सर्वांना एकत्र आणणारा एक धर्म हवा, असे त्यांना वाटे. या शोधात असताना नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि संत मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत जे प्रश्न सुटले नव्हते त्यांचे उत्तर त्यांना तेथे मिळाले. विशेष असे की, ते त्यांना युक्तिवादातून मिळाले नाही. शत्रूवरही प्रेम करणारा एक पिता आपल्याशी बोलत आहे, याची त्यांना जाणीव झाली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आज आपण हे वाक्य सहज वाचतो. त्या काळी त्याची किंमत काय होती, हे लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात दिसते. नवरा जिवंत असून नाहीसा झाला, अशी त्यांची अवस्था झाली. लहानगा दत्तू पदरात घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने पंढरपूरला राहिल्या. दुःखाने त्यांची प्रकृती खालावली, जगणे नकोसे झाले. त्या काळातच त्यांच्या तोंडून पहिल्या काव्यपंक्ती निघाल्या.

येथे आपल्याला थबकावे लागते. ज्याला देवाचे प्रेम गवसले त्याच्याच हातून घरच्या माणसाच्या काळजावर एवढा मोठा घाव कसा बसला? चरित्र लिहिताना हा प्रश्न झाकून ठेवणे योग्य नाही, कारण टिळकांच्या प्रार्थनेची पहिली परीक्षा याच प्रश्नाने घेतली. त्यांनी पत्नीला सोडले नाही, दुसरा संसार थाटला नाही आणि तिच्यावर धर्मांतराची सक्तीही केली नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांच्याकडे परत आल्या. तेव्हाही सुरुवातीस त्यांचे सोवळे-ओवळे वेगळेच होते आणि टिळकांनी ते सांभाळले. मनुष्यामनुष्यांतील उच्चनीचता देवाने केलेली नाही, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात त्यांच्या त्यांच्या वाटेने उजाडला. १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाट पाहणे हीदेखील एक प्रार्थना आहे. देव आपल्यासाठी अशीच वाट पाहत असतो, हे टिळक त्या वर्षांत शिकले असावेत.

अहमदनगरच्या वास्तव्यात टिळक धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. कीर्तनाचा प्रकार त्यांनी ख्रिस्ती उपासनेत वापरला. टाळ-मृदंगाच्या साथीने प्रभू येशूची कथा ऐकताना खेड्यातील माणसाला ती परकी वाटेनाशी झाली. मराठी साहित्यात ते फुला-मुलांचे कवी म्हणून ओळखले जातात. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले, त्यात त्यांचा पुढाकार होता. त्याच संमेलनात बालकवी म्हणून गौरवलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे पुढे काही काळ टिळकांच्याच घरी राहिले. टिळकांचे घर असेच होते. अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे, आजारी माणसे, कोणीही यावे आणि घरचे होऊन राहावे.

या घराचे चित्र लक्ष्मीबाईंनी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात रेखाटले आहे. त्यांनी पतीचा देव्हारा केला नाही. टिळकांचा तापट स्वभाव, रागाच्या भरात घर सोडून जाणे, हाती आलेला पैसा घरी पोहोचण्यापूर्वीच कोणाला तरी देऊन टाकणे, हे सारे त्यांनी विनोदाने, पण स्पष्टपणे सांगितले आहे. चूल कशी पेटवावी याची चिंता लक्ष्मीबाईंनी वाहायची आणि दानाचा आनंद टिळकांनी घ्यायचा, असे अनेकदा घडे. संतचरित्रे वाचताना आपण या बाजूकडे पाहायचे टाळतो. पण टिळकांच्या प्रार्थनेचे मोल येथेच कळते. ही प्रार्थना एखाद्या निर्दोष माणसाची नव्हती. रोज चुकणारा, रोज पश्चात्ताप करणारा आणि तरीही प्रभूचा हात न सोडणारा गृहस्थ ती करीत होता.

मग ही प्रार्थना होती तरी कशी? चिंतनपर प्रार्थनेच्या पायऱ्या ख्रिस्तसभेच्या परंपरेने सांगितल्या आहेत: वाचन, मनन, विनवणी आणि शेवटी ध्यान. ध्यानात मागणे संपते आणि प्रभूकडे प्रेमाने पाहत राहणे तेवढे उरते. टिळक या ठिकाणी वारकरी संतांच्या वाटेने पोहोचले. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ यांचे काव्य त्यांच्या अंतःकरणात मुरलेले होते. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्ताच्या चरणांपर्यंत आणले, असे ते मानीत. त्यामुळे येशू त्यांच्यासाठी केवळ न्यायाधीश किंवा राजा राहिला नाही. तो त्यांचा सद्गुरू झाला आणि माउलीही झाला. लेकरू आईपाशी काही मागण्यासाठीच जाते असे नाही. पुष्कळदा ते नुसतेच तिच्या मांडीवर पडून राहते. ‘अभंगांजली’मधील टिळकांची भक्ती अशी आहे. आपले मीपण गळून पडावे आणि ख्रिस्ताने आपल्यात जगावे, हा तिचा ध्यास आहे. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ज्या अवस्थेचे वर्णन केले आहे तीच ही अवस्था होय.

अशा ध्यानाने टिळकांची दृष्टी पालटली. रानातल्या फुलात त्यांना निर्मात्याची ममता दिसे. शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेली पक्षीण पिलांच्या ओढीने घरट्याकडे येते, ती ‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची कविता अनेक पिढ्यांनी शाळेत वाचली आहे. मुके प्राणी, लहान मुले, दुष्काळाने पोरके झालेले जीव यांच्या वेदनेपाशी ते थांबत, कारण त्या वेदनेत त्यांना प्रभूची हाक ऐकू येई. त्यांचे ध्यान डोळे मिटून संपत नसे. डोळे उघडल्यावर समोर जो माणूस दिसे त्याच्यापाशी ते पुढे चालू राही.

१९१७ साली त्यांनी आयुष्यातील दुसरे मोठे पाऊल उचलले. प्रभूची तशी आज्ञा झाली आहे, या दृढ विश्वासाने त्यांनी मिशनचा पगार सोडला, भगवी वस्त्रे धारण केली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सर्वजण तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. आपल्या दृष्टीने बाप्तिस्मा हा तारणाच्या जीवनाचा दरवाजा आहे. त्यामुळे ही कल्पना आपल्याला जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. मात्र तिच्यामागील तळमळ समजून घ्यावी. परकीय पैशाच्या आणि परकीय रीतीच्या आवरणाखाली येशूचा चेहरा झाकला जाऊ नये, एवढीच ती तळमळ होती. संन्यास म्हणजे पत्नी-मुलांचा त्याग, असेही त्यांनी मानले नाही. त्यांनी त्याग केला तो हक्काचा, सुरक्षिततेचा आणि मीपणाचा. तारुण्यात देवाच्या शोधात ज्यांनी घर दुखावले, त्यांचा उतारवयातील संन्यास घराला बरोबर घेऊन चालला. या दोन पावलांमध्ये बावीस वर्षांची प्रार्थना होती.

‘देवाचा दरबार’ फार काळ भरला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांनी देह ठेवला. प्रभू येशूचे जीवन ओवीबद्ध करणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी आरंभले होते, ते सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. त्यांनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. पतीच्या धर्मांतराने जिचा संसार एके काळी उद्ध्वस्त झाला होता, तिनेच त्याच्या प्रभूचे चरित्र उतारवयात गायिले. टिळकांची प्रार्थना खरी होती का, या प्रश्नाचे याहून सबळ उत्तर शोधण्याची गरज नाही. माणूस देवाशी काय बोलतो हे जगाला ऐकू येत नाही. घरच्यांना मात्र त्याचे फळ दिसते.

प्रिय बंधुभगिनींनो, कोल्हापुरातील आपले जीवन साताऱ्याच्या त्या दरबाराहून फार दूर नाही. उद्यमनगरातील भट्टीपुढे उभा असलेला कामगार, रात्रपाळीची परिचारिका, पहाटे डेअरीवर दूध घालणारी माता, यांना टिळक एवढेच सांगतील की, प्रभूला भेटण्यासाठी दुसरे आयुष्य मागू नका; आहे या आयुष्यातच थोडा वेळ थांबा. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शुभवर्तमानातील एखादा प्रसंग सावकाश वाचावा. त्यातील येशूकडे काही न मागता पाहत राहावे. मन भरकटले तर त्याचे नाव घेऊन परत यावे. मग दिवसभरात त्याचे प्रेम कोणाच्या रूपाने आपल्याकडे आले, ते आठवावे. भाकरी थापणाऱ्या हातांच्या, शेजाऱ्याने केलेल्या चौकशीच्या, लेकराच्या हसण्याच्या रूपाने ते आलेले असेल. आणि आपण कोणाला दुखावले असेल तर सकाळी प्रथम त्याच्यापाशी जावे. प्रार्थनेतील शेवटची पायरी पुष्कळदा घरातील त्या एका माणसाच्या दारापाशी असते.

हे प्रभू येशू, तू नासरेथच्या घरात तीस वर्षे राहिलास. आमच्या घरातील गडबडीत तुला ओळखण्याची दृष्टी आम्हांस दे. आमेन.