छायाचित्राचे मोल

छायाचित्र काढणे ही आज अगदी सामान्य गोष्ट आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वतःचे छायाचित्र काढून घेणे केवळ धनिकांनाच परवडत असे. ते मध्यमवर्गीयांच्या घरांत पोहोचवणाऱ्यांमध्ये फ्रान्सचे छायाचित्रकार आंद्रे आदोल्फ युजेन दिस्देरी यांचे नाव अग्रभागी आहे. एका नव्या हिशेबाने त्यांनी हे घडवून आणले.

दिस्देरी यांचा जन्म १८१९ मध्ये पॅरिस येथे झाला. तरुणपणी त्यांनी निरनिराळे व्यवसाय करून पाहिले. परंतु कोठेही जम बसला नाही. पुढे ते छायाचित्रणाकडे वळले. ब्रेस्त या बंदराच्या गावी त्यांनी चित्रशाळा उघडली. या कामात त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांची त्यांना मोलाची साथ होती. दिस्देरी ते गाव सोडून गेल्यावर एलिझाबेथ यांनी ती चित्रशाळा स्वतः चालवली. नीम शहरात काही काळ काम केल्यानंतर १८५४ मध्ये दिस्देरी यांनी पॅरिसमध्ये बस्तान बसवले.

त्या काळी पॅरिसमध्ये एका मोठ्या छायाचित्रासाठी पन्नास ते शंभर फ्रँक मोजावे लागत. या किमतीमागे कारणे होती. काचेवर रसायनाचा लेप देणे, तो ओला असतानाच चित्र घेणे, मग ते कागदावर उतरवणे या प्रत्येक पायरीवर वेळ, साहित्य आणि कुशल हात लागत. एवढा सारा खर्च एकाच चित्रावर पडे आणि ग्राहक मोजकेच राहत.

दिस्देरी यांनी नेमके हेच मर्म ओळखले. एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेतली, तर तोच खर्च त्या सर्वांत विभागला जाईल, असा विचार त्यांनी केला. २७ नोव्हेंबर १८५४ रोजी त्यांनी या पद्धतीचे एकस्व घेतले. अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने एका काचेवर आठ चित्रे घेता येऊ लागली. कागदावर ती एकदमच उतरत. मग कापून भेटपत्राच्या आकाराच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवली जात. अशा बारा चित्रांसाठी दिस्देरी सुमारे वीस फ्रँक घेत. म्हणजे एक चित्र दोन फ्रँकांपेक्षाही कमी किमतीत पडू लागले.

१८५९ च्या सुमारास ही छोटी चित्रे कमालीची लोकप्रिय झाली. सैन्यासह युद्धावर निघालेले सम्राट तिसरे नेपोलियन वाटेत दिस्देरी यांच्या चित्रशाळेत थांबले, अशी आख्यायिका सांगितली जाते. मात्र तिला खात्रीलायक पुरावा नाही. लोक आप्तेष्टांना आपली चित्रे देऊ लागले, प्रसिद्ध व्यक्तींची चित्रे विकत घेऊ लागले आणि घरोघरी चित्रसंग्रह तयार होऊ लागले. ही लाट भारतातही आली. मुंबईत हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार अशी चित्रे काढत असत.

दिस्देरी यांनी भरपूर धन मिळवले. त्यांची चित्रशाळा पॅरिसच्या वैभवाचा भाग बनली. १८६२ मध्ये त्यांनी छायाचित्रणकलेवर ग्रंथही लिहिला. परंतु ज्या पद्धतीने त्यांना यश दिले, ती कोणालाही सहज उचलता येण्याजोगी होती. एकस्व हाती असूनही अनुकरण थांबवणे त्यांना शक्य झाले नाही. गल्लोगल्ली चित्रशाळा निघाल्या आणि ग्राहक मिळवण्यासाठी प्रत्येक जण भाव उतरवू लागला. चित्रामागे मिळणारा नफा थोडा असेल, तर काम सतत आणि पुष्कळ मिळावे लागते. ग्राहक विभागले गेले, पण चित्रशाळेचा थाट आणि त्याचा खर्च तसाच राहिला. पुढे लोकांची आवडही बदलली व मोठ्या आकाराची चित्रे प्रचारात आली.

दिस्देरी यांची सांपत्तिक स्थिती ढासळत गेली. ४ ऑक्टोबर १८८९ रोजी पॅरिसमधील एका सार्वजनिक रुग्णालयात अत्यंत विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले.

वस्तूची किंमत कमी केल्याने ती अनेकांच्या हाती पोहोचते, हे दिस्देरी यांच्या यशाने दाखवले. त्याच किमतीत कारागिराच्या उद्याच्या भाकरीचीही तजवीज असावी लागते, हे त्यांच्या अखेरच्या दिवसांनी दाखवले. जगभरच्या जुन्या चित्रसंग्रहांत जपलेले असंख्य सामान्य माणसांचे चेहरे मात्र त्यांच्या हिशेबाचे ऋण आजही सांगत आहेत.