गुरुत्वाकर्षणाची झडती घेणारा फ्रिट्झ झ्विकी

विज्ञानात कोणाचाही शब्द अंतिम नसतो. न्यूटनचा नाही आणि आइन्स्टाईनचाही नाही. सूर्यमालेत खरा ठरलेला गुरुत्वाचा नियम कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यात तसाच चालतो काय, हे तपासावेच लागते. या तपासणीची पायाभरणी ज्यांनी केली, त्यांत फ्रिट्झ झ्विकी यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बल्गेरियातील वार्ना येथे झाला. वडील स्विस. उच्च शिक्षण झुरिकला झाले. १९२५ साली ते अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले आणि तेथेच राहिले. स्विस नागरिकत्व मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

१९३३ साली त्यांनी कोमा या दीर्घिकासमूहाचा हिशेब मांडला. त्यातील दीर्घिकांच्या वेगांत सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक फरक होता. मग त्या पांगल्या का नाहीत? दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्व तर अपुरे होते. झ्विकींच्या गणितानुसार दिसते त्याच्या निदान ४०० पट द्रव्य हवे होते. तेव्हाची अंतरे चुकीची असल्याने हा आकडा फुगला होता. परंतु तफावत आजही कायम आहे. १९३७ साली त्यांनी दुसरी कसोटी सुचविली. दीर्घिका मागून येणारा प्रकाश वाकवतात, त्यावरून त्यांचे वजन काढावे. असे पहिले गुरुत्वीय भिंग सापडले ते १९७९ साली. झ्विकी ८ फेब्रुवारी १९७४ रोजीच निवर्तले होते.

स्वभाव फटकळ, त्यामुळे सहकारी दुरावले. पुढे १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांच्या मोजमापांनी तीच तफावत पुन्हा पुढे आणली. न दिसणारे द्रव्य आहे की नियमच अपुरा आहे, हा वाद तेव्हापासून पेटला.

वाल्टर बाडे यांच्यासोबत त्यांनी १९३४ साली न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना मांडली होती. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशाच दोन ताऱ्यांच्या टकरीचा संदेश पृथ्वीवर आला. सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पोहोचले. दोघांचा वेग एकच ठरला आणि विश्वाच्या वाढत्या प्रसरणाचा उलगडा करण्यासाठी मांडलेले अनेक पर्यायी सिद्धांत एका दिवसात बाद झाले. २०२३ साली अवकाशात गेलेली युक्लिड दुर्बीण झ्विकींनी सुचविलेल्या भिंगाचाच आधार घेऊन पुढची तपासणी करीत आहे.

याच फटकळ माणसाने दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या ग्रंथालयांसाठी विज्ञानाची पुस्तके गोळा करून पाठविली, हे वाचकांनी विसरू नये. प्रश्न विचारायचा असेल तर आधी पुस्तक हाती पडावे लागते, हे त्यांना ठाऊक होते.