हॅरी हुडिनी आणि अंगावर काढलेली पोटदुखी

बेड्या आणि कुलूपबंद पेट्यांतून सुटून दाखवणारे जादूगार हॅरी हुडिनी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८७४ मध्ये बुडापेस्टला जन्मलेले हुडिनी लहानपणीच अमेरिकेत आले आणि पुढे जगप्रसिद्ध झाले. ऑक्टोबर १९२६ मध्ये त्यांचे पोट दुखू लागले. त्यांनी ते अंगावर काढले; खूप ताप असतानाही डेट्रॉइटमध्ये प्रयोग केला. शस्त्रक्रिया झाली तेव्हा अपेंडिक्स फुटून पोटात जंतुसंसर्ग पसरला होता. अँटिबायोटिक्स तेव्हा नव्हती. ३१ ऑक्टोबरला, वयाच्या ५२व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

सीआरपी हा रक्तातील घटक त्यानंतर चार वर्षांनी, १९३० मध्ये, सापडला. आज पांढऱ्या पेशींबरोबर तोही तपासतात. तो खूप वाढलेला असेल, तर अपेंडिक्स फुटल्याची किंवा तिथे पू झाल्याची शंका बळावते. मग सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून खात्री करतात. मात्र सुरुवातीच्या काही तासांत सीआरपी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून बेंबीभोवतीचे दुखणे उजवीकडे खाली सरकले, सोबत ताप किंवा उलट्या असल्या, तर केवळ नॉर्मल रिपोर्ट पाहून निर्धास्त राहू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.