श्रीमन्मध्वाचार्य : नाम आणि मत

उडुपीनजीक पाजक या ग्रामी मध्यगेह भट्ट व वेदवती या सत्त्वशील दांपत्याच्या पोटी श्रीमन्मध्वाचार्य जन्मास आले. परंपरेत ११९९ हे वर्ष सांगतात; परंतु त्यांचे शिष्य नरहरितीर्थ यांचा श्रीकूर्मम् येथील १२८१ चा शिलालेख पाहता १२३८ हेच अधिक ग्राह्य ठरते. मातापित्यांनी नाव ठेविले वासुदेव. बालवयातच अच्युतप्रेक्षांकडून संन्यास घेऊन ते पूर्णप्रज्ञ झाले, पुढे पीठावर येताच आनंदतीर्थ. मध्व हे नाव त्यांनी स्वतःच वायुदेवाच्या तृतीय अवताराचे म्हणून सांगितले, व तेच लोकांत रुजले.

गुरू अद्वैत परंपरेतील. शिष्याचे मन त्यात रमेना. बदरीची यात्रा, सूत्रभाष्य, गीताभाष्य असे करीत करीत सदतीस ग्रंथ सिद्ध झाले. गोदावरीतीरीचे विद्वान शोभनभट्ट वादात नमले आणि पद्मनाभतीर्थ झाले. उडुपीस श्रीकृष्णाची स्थापना करून आचार्यांनी पूजेचा भार शिष्यांवर सोपविला. आजचे अष्टमठ ते हेच.

परंतु या मताचे नाव काय? आपण सारेच सहज द्वैत म्हणून जातो. संप्रदायातील जुने नाव मात्र तत्त्ववाद. चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहात त्याला पूर्णप्रज्ञदर्शन म्हटले आहे. द्वैत हा शब्द ऐकताच दोन तुल्यबळ सत्ता डोळ्यांपुढे येतात, आणि तेथेच घोटाळा होतो. आचार्यांनी तत्त्वे दोन मानिली खरी, पण स्वतंत्र आणि परतंत्र अशी. स्वतंत्र एकटा श्रीहरी. जीव व जड ही सत्य, परस्परांहून भिन्न, पण सर्वथा त्याच्या अधीन. ही अधीनता द्वैत या नावात कोठेच उमटत नाही. अद्वैताशी वाद घालता घालता जे नाव चिकटले, त्यात वादाची बाजू तेवढी राहिली, भक्ती बाहेर राहिली, असे माझे मत आहे.

१३१७ च्या माघ शुद्ध नवमीस आचार्य अदृश्य झाले. पुढे पंधराव्या शतकात उडुपीच्या पलिमार मठाच्या परंपरेतून गोमंतकीय सारस्वतांची वैष्णव गुरुपीठिका उभी राहिली, तीच पर्तगाळी मठाची. वैष्णव हे नाव येथे गुरूकडून आले, कुलदैवत मात्र अनेक घरांत मंगेश, नागेश वा शांतादुर्गाच राहिले. आषाढी एकादशीस स्वामींकडून तप्तमुद्रा घेणारा गृहस्थ मंगेशाच्या पालखीसही तितक्याच भावाने जातो. त्यात विसंगती पाहणाऱ्यांनी आचार्यांचे तारतम्य ध्यानी घ्यावे. त्यात रुद्र हाही श्रीहरीचा थोर भक्त आहे.