चिक चॉकलेट

साक्रीच्या आमच्या गायनमंडळांतील तरुण गिटार हातीं घेतात व वादनांत कोणाचा कित्ता गिरवावा म्हणून आम्हांस विचारितात. वाद्य निराळें असलें तरी आम्ही त्यांस ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचें चरित्र सांगतों. मूळ नांव अंतोनियो शावियेर वाझ. जन्म गोव्यांतील हळदोणें गांवीं, १९१६ सालीं. गोव्याच्या चर्चशाळांनीं पिढ्यान्‌पिढ्या मुलांस स्वरलिपि शिकविली. वाझ यांनीं मात्र मनानें गुरु केला तो समुद्रापलीकडचा, अमेरिकेचे लुई आर्मस्ट्राँग. ती धाटणी त्यांनीं इतकी आत्मसात् केली कीं लोक त्यांस हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणूं लागले. नक्कल खरीच, पण मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाद्यवृंद चालविणें निव्वळ नकलेनें साधतें काय? पुढें पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाल्यावर, भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटांतून तो परका ठेका मराठी घराघरांत पोंचला. १९६७ सालीं ते निवर्तले.