वेडेपणाचा शास्त्रज्ञ : सुकुमार राय

नोकरीच्या निमित्ताने परप्रांतात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाला शेजारच्या भाषेतील थोर पुरुषांची ओळख होते ती बहुधा रस्त्यांच्या पाट्यांवरून आणि चौकांतील पुतळ्यांवरून. बंगालपुरते बोलावयाचे तर बंकिमचंद्र, रवींद्रनाथ, शरच्चंद्र ही नावे आपणांस परकी नाहीत. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या वासुदेव गोविंद आपटे यांनी मराठीत आणल्या आणि त्या आपल्या मागच्या पिढीने आवडीने वाचल्या. परंतु बंगाली घरातील मूल ज्याच्या कविता शाळेत जाण्याआधीच मुखोद्गत करते, त्या सुकुमार राय यांचा आपला परिचय चित्रपट-दिग्दर्शक सत्यजित राय यांचे वडील, एवढ्यावरच थांबतो. अवघे पस्तीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या पुरुषाने लेखणी, कुंचला, कॅमेरा, रंगमंच आणि छापखाना या पाचही ठिकाणी लहरीपणाचा एक अपूर्व संसार थाटला. त्याची कहाणी आमच्या मंडळातील कुटुंबांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

सुकुमार यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कलकत्त्यास झाला. घराणे मूळचे मैमनसिंग जिल्ह्यातील मसूया गावचे. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे लेखक, चित्रकार, व्हायोलिनवादक आणि मुद्रणतज्ज्ञ. आई विधुमुखी या ब्राह्म समाजातील नामवंत सुधारक द्वारकानाथ गांगुली यांच्या कन्या. उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी रामायण लिहिले व त्याची चित्रेही स्वतः काढली; परंतु लाकडी ठशांवरून छापताना ती पार बिघडली. दुसरा एखादा लेखक नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. यांनी विलायतेहून सामग्री मागविली, हाफटोन ब्लॉकचे तंत्र घरबसल्या आत्मसात केले आणि १८९५ मध्ये स्वतःचा व्यवसाय उभारला. चित्रातील उजेड-सावली लहानमोठ्या ठिपक्यांत विभागून धातूच्या पत्र्यावर उतरविण्याच्या या विद्येवर त्यांनी लिहिलेले लेख इंग्लंडमधील ‘पेनरोज’ वार्षिकात प्रसिद्ध होत. चित्र चांगले असून भागत नाही, ते वाचकाच्या हाती चांगलेच पोचले पाहिजे, हा धडा सुकुमार यांना घरातच मिळाला.

प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञान व रसायन या दोन्ही विषयांत ऑनर्ससह ते बी. एस्‌सी. झाले. पण प्रयोगशाळेतून घरी आल्यावर त्यांचा खरा उद्योग सुरू होई. भावंडे, आप्त व मित्र यांना जमवून त्यांनी ‘नॉन्सेन्स क्लब’ स्थापन केला. या क्लबाचे एक हस्तलिखित मासिक होते. फेरीवाल्याच्या खाऊवरून त्याचे नाव ठेवले होते ‘साडे बत्रिश भाजा’. क्लबासाठी त्यांनी ‘झालापाला’ आणि ‘लक्ष्मणेर शक्तिशेल’ ही प्रहसने लिहिली. दुसऱ्या प्रहसनातील रामायणातली पात्रे कलकत्त्याच्या मध्यमवर्गीय गृहस्थांप्रमाणे बोलतात, कुरकुरतात आणि जबाबदारी एकमेकांवर ढकलतात. ना पडदे, ना वेशभूषा. घरच्याच मंडळींपुढे हे प्रयोग होत. गणेशोत्सवासाठी दिवाणखान्यात नाटकाच्या तालमी करणाऱ्या आपल्या मंडळींना यात परके असे काही वाटू नये.

१९११ साली कलकत्ता विद्यापीठाची गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्ती मिळवून सुकुमार इंग्लंडला गेले. आधी लंडनला व नंतर मँचेस्टरला त्यांनी छायाचित्रण आणि मुद्रण यांचे शिक्षण घेतले. वडिलांप्रमाणे तेही हाफटोनवर ‘पेनरोज’मध्ये लिहू लागले आणि पुढे रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे फेलो झाले. रवींद्रनाथ त्याच काळात लंडनला होते. त्यांच्या काव्याची ओळख इंग्रज श्रोत्यांना करून देणारा निबंध या तरुणाने तेथील सभेत वाचला. घरापासून दूर असताना आपल्या भाषेचा वकील व्हावे लागते, हा अनुभव आपणां सर्वांनाच आहे.

१९१३ साली ते परतले. त्याच वर्षी उपेंद्रकिशोरांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. मराठीत संदेश म्हणजे निरोप. बंगालीत निरोपही आणि मिठाईही. योगायोग असा की, त्याच १९१३ मध्ये मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला आणि फाळके हेही ब्लॉक व छपाईच्या धंद्यातूनच त्या वाटेला लागले होते. हिंदुस्थानच्या दोन टोकांना छापखान्याच्या शाईत हात बुडविलेली माणसे चित्रांना नवे पाय फोडीत होती. वर्षअखेरीस सुकुमार यांचा विवाह सुप्रभा दास यांच्याशी झाला. गडपार रस्त्यावरील शंभर क्रमांकाच्या घरात राहते घर आणि छापखाना एकत्रच होते.

२० डिसेंबर १९१५ रोजी उपेंद्रकिशोर निवर्तले आणि अठ्ठाविसाव्या वर्षी कारखाना व मासिक या दोन्हींचा भार सुकुमार यांच्या खांद्यावर आला. पुढील आठ वर्षांत त्यांनी जे निर्माण केले, त्यावर त्यांची कीर्ती उभी आहे. ‘संदेश’मध्ये ते कविता लिहीत, गोष्टी लिहीत, विज्ञानाची माहिती सोपी करून सांगत आणि चित्रेही काढीत. त्यांच्या एका कवितेत व्याकरणाचे संधिनियम प्राण्यांना लागू होतात : हंस आणि साळिंदर यांचा संधी होऊन एक प्राणी होतो, बगळा आणि कासव यांचा दुसरा, हत्ती आणि तिमी मासा यांचा तिसरा. कल्पना अशक्य, पण शेजारचे चित्र पाहावे तर अवयव इतके चपखल जुळलेले की, असा प्राणी अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात असलाच पाहिजे, अशी मुलाची खात्री व्हावी. येथे त्यांच्यातील विज्ञानाचा पदवीधर दिसतो. त्यांचा वेडेपणा कधी सैल नसतो. एकदा गृहीतक मान्य केले की, पुढची प्रत्येक पायरी तर्कशुद्ध असते.

आम्हां सरकारी नोकरांना त्यांच्या दोन कविता विशेष जवळच्या वाटाव्यात. एकीत हेड ऑफिसातील एक शांत स्वभावाचे बडेबाबू डुलकीतून दचकून उठतात आणि आपली मिशी चोरीस गेली म्हणून कचेरी डोक्यावर घेतात. आरसा पुढे धरला तरी ही असली मिशी आपली नव्हेच, असा त्यांचा निर्णय कायम राहतो. दुसरीत शिवशंकराच्या मुलखातील कायदे सांगितले आहेत. तेथे पाय घसरून पडणाऱ्याला दंड होतो आणि संध्याकाळी सहापूर्वी शिंकावयाचे तर तिकीट काढावे लागते. तीस वर्षे नियमावलीच्या सहवासात काढलेल्या कोणाही माणसास हे नुसते बालवाङ्मय वाटणार नाही. मुले चित्र पाहून हसतात, मोठी माणसे शेजारच्या टेबलाकडे पाहून हसतात.

त्यांची ‘ह-य-व-र-ल’ ही दीर्घकथा अशीच. पाणिनीच्या माहेश्वरसूत्रांतील ही अक्षरे. बंगालीत त्यांचा अर्थ सारा घोटाळा. उकाड्याच्या दुपारी घाम पुसण्याचा रुमाल मांजर होतो, कावळा पाटीवर हिशेब मांडतो आणि वय चाळिशीला पोचले की उलटे मोजण्याची सोय असते. ‘हेशोराम हुशियारेर डायरी’मध्ये त्यांनी कॉनन डॉइलच्या साहसकथेची आणि प्राण्यांना भारदस्त लॅटिन नावे देणाऱ्या पंडितांची गंमत केली. मित्रांसाठी त्यांनी ‘मंडे क्लब’ काढला. त्याच्या बैठकीत गंभीर चर्चेइतकाच खाण्यालाही मान असल्याने त्याला मंडा या मिठाईवरून ‘मंडा क्लब’ही म्हणत.

१९२१ मध्ये, मुलगा सत्यजित याच्या जन्माच्या वर्षी, सुकुमार यांना काळा आजार जडला. त्या काळी त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. दैवाची क्रूरता अशी की, याच सुमारास, याच कलकत्त्यात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी युरिया स्टिबामाइन हे त्यावरील औषध सिद्ध करीत होते. ते सर्वांच्या हाती येईपर्यंत सुकुमार यांची वेळ संपली. दुखण्याची ही सुमारे अडीच वर्षे त्यांनी अंथरुणावर काम करीत काढली. ‘ह-य-व-र-ल’ ‘संदेश’मध्ये आली ती याच काळात. ‘आबोल-ताबोल’ या संग्रहासाठी त्यांनी कविता निवडल्या, चित्रे व मुखपृष्ठ तयार केले आणि पानांची मांडणीही स्वतः ठरविली. त्या संग्रहाची शेवटची कविता आजारपणातली आहे. तीत नेहमीची गंमत आहे, आणि आपण निघालो आहोत याची स्वच्छ जाणीवही आहे. रवींद्रनाथ त्यांच्या उशाशी येऊन बसले आणि त्यांनी त्यांना गाणी म्हणून दाखविली. १० सप्टेंबर १९२३ रोजी सुकुमार गेले. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, ‘आबोल-ताबोल’ छापून बाहेर पडले. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तके निर्दोष छापणाऱ्या या मुद्रकाला आपल्या कवितासंग्रहाची छापील प्रत पाहावयास मिळाली नाही.

पुढे काही वर्षांतच कारखाना हातचा गेला, घर सुटले. सुप्रभादेवी लहानग्या मुलाला घेऊन माहेरी भावाकडे गेल्या आणि शिवणकाम शिकवून त्यांनी त्याला वाढविले. त्या मुलाला वडिलांचा सहवास आठवण्याजोगा लाभला नाही. लाभली ती त्यांची पुस्तके, वह्या आणि चित्रे. त्याने १९६१ मध्ये कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीने ‘संदेश’ पुन्हा सुरू केला, १९६९ मध्ये आजोबांच्या गोष्टीवरून ‘गुपी गाइन बाघा बाइन’ हा चित्रपट काढला आणि १९८७ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, वडिलांवर अनुबोधपट केला. इमारत आणि यंत्रे गेली. घरात निर्माण झालेला आनंद मात्र तिसऱ्या पिढीपर्यंत शाबूत पोचला.

परप्रांतातील मंडळाच्या दृष्टीने या चरित्राचे महत्त्व येथेच आहे. आपली मुले शाळेत एका भाषेत शिकतात, खेळताना दुसरी बोलतात आणि घरी मराठी ऐकतात. केवळ कर्तव्य म्हणून सोपविलेली भाषा त्यांच्या हाती फार काळ टिकत नाही. हसत हसत दिलेली टिकते. आजीची बडबडगीते, मंडळाचे हस्तलिखित, गणपतीतले घरगुती प्रहसन यांना आपण किरकोळ समजतो. सुकुमार राय यांनी आपल्या कार्याचा आरंभ नेमका अशाच गोष्टींपासून केला होता.