अर्नी डेव्हिस : ४४ नंबरची जर्सी

फुटबॉल म्हटलं की आपल्याला पेले, मॅराडोना आठवतात. अमेरिकेतला फुटबॉल मात्र वेगळाच. लांबट चेंडू हातात धरायचा आणि समोरच्या धिप्पाड खेळाडूंमधून वाट काढत पळायचं! या पळण्यात हाफबॅकचा मोठा वाटा. अशाच एका हाफबॅकची ही कहाणी.

अर्नी डेव्हिसचा जन्म १४ डिसेंबर १९३९ चा, पेनसिल्व्हेनियातला. लहानपण आजी-आजोबांकडे गेलं. बाराव्या वर्षी तो न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी आईकडे आला. शाळेतच तो इतका गाजला की कॉलेजं त्याच्या मागे लागली. त्याने सिरॅक्यूज विद्यापीठ निवडलं. तिथे त्याला ४४ नंबरची जर्सी मिळाली, जी आधी जिम ब्राऊन या महान खेळाडूची होती. आता तुलना होणारच!

१९५९ च्या सीझनमध्ये सिरॅक्यूज एकही मॅच न हरता राष्ट्रीय विजेता ठरलं. १ जानेवारी १९६० ला डॅलसमध्ये कॉटन बोल सामना झाला. अर्नीने पास झेलून एकूण ८७ यार्डांचा टचडाऊन केला. टेक्सासचा २३-१४ असा पराभव झाला आणि अर्नी सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण तो होता कृष्णवर्णीय. बक्षीस समारंभात कृष्णवर्णीय खेळाडूंनी बक्षीस घेऊन निघून जावं, असं सांगण्यात आलं. मैदान गाजवलं, तरी जेवणाच्या टेबलावर जागा नाही!

अर्नीचं उत्तर मैदानावरच मिळालं. तीन सीझनमध्ये २,३८६ यार्ड धाव आणि ३५ टचडाऊन. जिम ब्राऊनचे विद्यापीठातले विक्रम मागे पडले. १९६१ ची हाइजमन ट्रॉफी त्याला मिळाली. कॉलेज फुटबॉलचा हा सर्वोच्च सन्मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. न्यूयॉर्कमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी त्याला भेटले.

मग आला ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांचं कॅम्पस सिलेक्शनच म्हणा ना! त्यात अर्नीची निवड सगळ्यात पहिली. निवडणारा वॉशिंग्टन हा तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू न घेतलेला शेवटचा संघ. त्यांनी त्याला लगेच क्लीव्हलँडला दिलं. तिथे खेळत होता खुद्द जिम ब्राऊन! दोघे ४४ नंबरवाले एकाच संघात खेळणार होते.

पण १९६२ च्या उन्हाळ्यात अर्नीला ल्युकेमिया असल्याचं निघालं. १८ मे १९६३ ला, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी तो गेला. व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. तरी क्लीव्हलँडने त्याची ४५ नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. त्याची सगळी कारकीर्द कॉलेजातल्या तीन सीझनचीच. पण अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याचं नाव आजही आदराने घेतलं जातं.